आपोआप लागणारी यादी

विनया पाटकर हिचं नाव आयुष्यात तीनदा छापून आलं. पहिल्यांदा शाळेच्या वार्षिक अंकात, निबंधस्पर्धेत दुसरी आली म्हणून. तिथे ते 'कु. विनायक' असं आलं. दुसऱ्यांदा लग्नपत्रिकेत, तिथे अक्षर न अक्षर बरोबर होतं, पण लोकांनी जेवणाची वेळ पाहून पत्रिका खाली ठेवली. तिसऱ्यांदा आलं ते थेट जगात आलं. आणि त्या तिसऱ्या खेपेमुळेच पुढे नायगावच्या सागरदीप सोसायटीतल्या अठ्ठेचाळीस कुटुंबांसमोर तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जमीन दुभंगली नाही. खाडीकाठची भराव टाकलेली जमीन आहे. ती खचते, दुभंगत नाही.

ज्ञानदा, म्हणजे विनयाची साडेतीन वर्षांची मुलगी, दुपारी दीड तास झोपते. त्या दीड तासात विनया लॅपटॉप उघडून बसायची. कॉलेजात शिकलेलं कॉम्प्युटरशास्त्र वरणभाताबरोबर शिजून गेलेलं नाही, एवढी खात्री करून घ्यायला. काझुलो तिला तिथेच भेटलं. काझुलो म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी तयार खिडक्या, बटणं आणि याद्या यांची एक फुकट पेटी. ती कोणा एका कंपनीची नाही. जगभरातले हौशी लोक ती सगळ्यांच्या देखत, एक पैसा न घेता, रोज थोडी थोडी दुरुस्त करत असतात. कुणी काय बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून बदललं, हे नावानिशी लिहून ठेवतात. आपल्याकडे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून केलेली गोष्ट बिघडली की शेजाऱ्याचं नाव घेतात. तिथे चांगली झाली तरी घेतात.

तर विनयाने हौसेखातर सोसायटीच्या फोन नंबरांची एक यादी बनवली होती. तिच्यात १००१ नंबरचा फ्लॅट १०१च्या आधी यायचा. दहावा मजला पहिल्याच्या आधी! दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. पण विनयाचं मन त्या बाबतीत हळवं होतं. कारण घरात ज्ञानदा 'एक, दोन, पाच, नऊ' असे अंक म्हणत होती. बालवाडीतल्या इतर मुलांच्या आया 'आमची वीसपर्यंत म्हणते' असं हसत हसत सांगत होत्या आणि डॉक्टरीणबाई 'येईल हो, घाई काय' म्हणाल्या होत्या. डॉक्टर 'घाई काय' म्हणाले की विनयाची झोप उडायची. मुलीच्या तोंडातले अंक रांगेत लावणं तिच्या हातात नव्हतं, निदान फ्लॅट तरी लागावेत. तिने काझुलोच्या लोकांना एक नम्र विनंती लिहिली. त्यांनी ती मान्य केली आणि 'येऊ घातलेले बदल' या यादीत एक ओळ आली: याद्या व्यवस्थित क्रमाने लावणे, सूचना विनया पी., भारत.

विनयाचा नवरा विघ्नेश याने त्या ओळीचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'सागरदीप – फक्त कामाचे', त्यामुळे तिथे दिवसाला दोनशे सुप्रभात येतात. त्या दिवशी सगळे सुप्रभात मागे पडले. सात पुष्पगुच्छ आले, चौदा जोडलेले हात आले. "विनया, तू तर इंटरनॅशनल झाली," असं समोरच्या १०२मधल्या अमिषाने दारात येऊन सांगितलं आणि जाताना मिक्सरचं भांडं नेलं. विनयाने आरशात पाहिलं. इंटरनॅशनल बाईच्या गाऊनवर हळद होती.

इथवर ठीक होतं. पुढे सेक्रेटरी चुरीकाकांना ती बातमी नीट कळली, आणि बिघडलं.

आत्माराम चुरी जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, पण जिल्हा परिषद त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांच्याकडे सोसायटीचं लेटरहेड, आवक-जावक वही आणि गोल शिक्का असतो. शिक्का ते रुमालात गुंडाळून ठेवतात. दर दोन वर्षांनी पार्किंगची सोडत काढायची जबाबदारी त्यांची. इमारतीखाली छपराच्या जागा वीस, फ्लॅट अठ्ठेचाळीस. ज्यांचा नंबर आधी निघेल ते छपराखाली, बाकीचे खाडीकडच्या भिंतीला. तिकडे उधाणाला पाणी चढतं आणि गाडीच्या चाकांना शेवाळ धरतं. मागच्या सोडतीत स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं की पहिली चिठ्ठी हाताला गार लागली. म्हणजे ती फ्रीजमध्ये ठेवून ओळखीची केली होती. चुरीकाकांच्या घरचा फ्रीज त्या वेळी दोन महिने बंद होता, हे त्यांनी मेकॅनिकच्या पत्रासह सिद्ध केलं. तरी 'गार चिठ्ठी' हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

"या खेपेला सोडत कॉम्प्युटरवर," ते विनयाच्या दारात उभं राहून म्हणाले. "कॉम्प्युटरला फ्रीज नसतो. आणि तू काढायची. तुझं नाव जगात आलंय, तुझ्यावर कोण बोट ठेवील?"

विनयाला नाही म्हणता येत नाही. हा तिचा स्वभाव आहे, आणि पुढे जे झालं त्याला तो एकटाच पुरेसा होता. पण खरं सांगायचं तर तिला हो म्हणायचंच होतं. गेली तीन वर्षं या इमारतीत ती 'ज्ञानदाची मम्मी' होती. कुणीतरी आपल्यावर डोळे मिटून विसंबतंय, ही भावना तिला इतकी नवी होती की ती दुपारभर शिटी न लावता कुकर चालवत बसली.

प्रोग्राम तसा एका दुपारचा. अठ्ठेचाळीस नंबर ढवळायचे, पडद्यावरच्या यादीत ओतायचे आणि बटण दाबलं की वरून एकेक वाचायचा. पण सागरदीपमध्ये कोणतंही काम एका दुपारचं नसतं. अमिषाने सुचवलं की सुरुवातीला गणपती हवा. चुरीकाकांना स्वतःचं नाव हुद्द्यासह हवं होतं, आणि बटणाच्या वर हवं होतं. बाराव्या मजल्यावरच्या लिलीआंटी डाबरे यांचं म्हणणं वेगळंच.

"अक्षरं मोठी कर गो बाय," त्या म्हणाल्या. "माझा नंबर निघाला आनि मला दिसलाच नाय तर? मागल्या टायमाला भिंतीकडे गाडी होती. उधानाचं पानी आत शिरलं. सीटखाली कोलंबी मिळाली मला. खोटं नाय सांगत, जिवंत."

लिलीआंटींचं माहेर गिरीजचं. तिथल्या वाडीतून त्या दर शनिवारी गाडीभर केळी आणि अळू आणतात आणि सगळ्या मजल्यांवर वाटतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. छपराखालची जागा मिळाली तर लिफ्टपर्यंत आठ पावलं, नाही मिळाली तर चिखलातून ऐंशी. म्हणजे अख्ख्या सोसायटीत त्या सोडतीची खरी गरज कोणाला असेल, तर त्यांना.

मोठ्या मराठी अक्षरांची सोय काझुलोच्या पक्क्या आवृत्तीत नव्हती; ती रोज बदलणाऱ्या चालू आवृत्तीत होती. चालू आवृत्ती म्हणजे रस्त्याचं काम सुरू असताना त्याच रस्त्यावरून गाडी नेणं. तसा फलकही त्यांनी लावला होता. विनयाने तो वाचला आणि आपल्याला काय होतंय, म्हणून पुढे गेली.

तिने सदतीस वेळा चाचणी घेतली. सदतीसही वेळा नंबर छान विस्कटून आले. एकदा तर तिचा स्वतःचा १०१ एकतिसावा आला, आणि तिला हायसं वाटलं. पाटकरांकडे गाडी नव्हतीच, स्कूटर होती.

सोडतीच्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता चुरीकाका आले. इस्त्रीचा सदरा, रुमालात शिक्का.

"अपडेट केलंस का?"

"काय, काका?"

"काय म्हणजे? माझ्या मोबाइलवर रोज येतं, अपडेट करा, अपडेट करा. नाही केलं की बँकेचं उघडत नाही. ऐन सभेत तुझं उघडलं नाही तर?"

"काका, चालतंय ते. चालत्याला हात लावू नये."

"जुन्या आवृत्तीवर सोडत काढली असा उद्या कुणी अर्ज केला, तर उत्तर कोण देणार? मी. गार चिठ्ठी कोण? मीच."

विनयाने अपडेट केलं. पडद्यावर चौदा नव्या बदलांची यादी आली. पहिली ओळ: अक्षरं आता अधिक ठसठशीत. छान. दुसरी: बटणांचे कोपरे गोल. बरं. तिसऱ्या ओळीवर नजर जाणार एवढ्यात ज्ञानदाने नाकात मनुका घातला.

ज्यांच्या घरी लहान मूल नाही, त्यांना नाकातला मनुका ही काय चीज आहे ते कळणार नाही. एका नाकपुडीवर बोट दाबून शिंकरायला सांगावं तर मूल आत ओढतं. विनयाच्या मनात रुग्णवाहिका, ऑपरेशन आणि 'आई कुठे बघत होती?' असं विचारणारे नातेवाईक एका क्षणात येऊन गेले. दहा मिनिटांनी मनुका आपणहून बाहेर आला आणि ज्ञानदाने तो खाल्ला. घड्याळात पावणेअकरा, सभा अकराला. विनयाने लॅपटॉप मिटला आणि खाली धावली.

पार्किंगमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. पांढऱ्या चादरीवर गणपती आला, टाळ्या झाल्या. चुरीकाकांचं नाव हुद्द्यासह आलं, कोपरे गोल झालेल्या बटणाच्या वर. त्यांनी वीस मिनिटं पारदर्शकतेवर भाषण केलं आणि म्हणाले, "हं, विनया."

तिने बटण दाबलं. १०१.

"अरे वा, घरापासून सुरुवात!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. विनया लाजून हसली.

१०२. अमिषाने उडी मारली. १०३. "आज पहिल्या मजल्याचा दिवस आहे बघा." १०४. या खेपेला हसण्याचा आवाज जरा कमी होता. पुढचं बटण दाबायच्या आधीच विनयाला कळलं, आणि दाबताना तिने डोळे मिटून घेतले.

२०१.

सभेत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मागच्या रांगेतून लिलीआंटी शांतपणे म्हणाल्या, "आता मी सांगू? दोनशे दोन."

२०२.

"काका, थांबवू का?" विनया पुटपुटली.

"थांबवता येत नाही," चुरीकाका तसेच पुटपुटले, पण माइकवर. "सोडत सुरू झाल्यावर ती पूर्ण करावी लागते. तसा नियमच आहे."

म्हणून सोडत पूर्ण झाली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. सहाव्या मजल्यापासून सगळी सभा नंबर आधी म्हणायची, मग विनया बटण दाबायची आणि चुरीकाका वहीत लिहायचे. पाढे म्हणतात तशी लय लागली होती. ज्ञानदाला तर इतकी मजा आली की ती प्रत्येक नंबरला टाळ्या वाजवून "पाच!" असं ओरडत होती. शेवटी १२०४ आला. खाडीकडच्या भिंतीचा अगदी शेवटचा कोपरा, जिथे खारफुटी सोसायटीत डोकावते.

"याच्यापरीस गार चिठ्ठी बरी होती," लिलीआंटी म्हणाल्या आणि काठी टेकत उठल्या. "खाडी दिसते म्हनून बाराव्यावर घर घेतलं. खाडी गाडीत बसायला येनार, ते कुनी सांगितलं नव्हतं. आनि बाय, पयला नंबर तुझा. गाडी पन नाय तुझ्याकडे!"

मग सगळे एकदम बोलू लागले. विनयाला त्यातलं 'पहिला मजला', 'ठरवून' आणि 'शिकलेली माणसं' एवढंच ऐकू आलं. तिचे कान तापले, मग गाल, मग मान. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं ते विचार करून निघत नाही.

"माझी चूक नाही!" ती म्हणाली. "त्या परदेशातल्या लोकांनी मध्येच काहीतरी बदललंय!"

मग चुरीकाकांचा चेहरा उजळला. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "बाहेरच्यांचा हात आहे."

आणि बघता बघता अख्खी सोसायटी विनयाच्या बाजूची झाली. मघाशी तिला चोर ठरवणारे लोक आता तिच्या पाठीवर हात ठेवत होते. "एका बाईला एकटी बघून असं करतात," कुणी म्हणालं. सोडत रद्द झाली, पुढच्या रविवारी पुन्हा ठरली. विनयाला इतकं सुटल्यासारखं वाटलं की घरी जाऊन तिने काझुलोच्या चर्चेच्या पानावर एक निरोप लिहिला, आणि तो नम्र नव्हता. 'न विचारता असे बदल करणाऱ्यांना आपल्या बेजबाबदारपणाची लाज वाटायला हवी,' असं तिने लिहिलं. तिसरी ओळ मात्र तिने अजून वाचली नव्हती. रागावलेल्या माणसाला वाचायला वेळ कुठे असतो?

विघ्नेशने निरोप वाचला. "जोरदार लिहिलंयस," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझं नाव कुठे नाहीये ना?"

तेवढ्यावर राहिलं असतं तरी निभलं असतं. पण अमिषाने त्या पानाची लिंक ग्रुपवर टाकली. सोमवारी दुपारपर्यंत काझुलोच्या चर्चेत सागरदीपमधून एकतीस निषेध जमा झाले होते, मराठीत, हिंदीत, गुजरातीत. लिलीआंटींनी शेवाळलेल्या चाकाचा फोटो टाकला. कुणी 'भारतमाता की जय' लिहिलं, आणि कुणी सवयीने सुप्रभात. सगळ्यांत शेवटी चुरीकाकांचं पत्र आलं, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणलेलं. लेटरहेड, जावक क्रमांक, विषय, संदर्भ. 'उपरोक्त विषयी सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' खाली सही आणि गोल शिक्का. शिक्का सुबक उमटला होता.

उत्तर बुधवारी दुपारी आलं. ज्ञानदा झोपली होती. विनयाने ते उभ्याउभ्याच वाचायला घेतलं आणि मध्येच खाली बसली.

लिहिणारीचं नाव एलिसा. 'मी पोर्तुगालमध्ये एका शाळेत शिकवते,' तिने लिहिलं होतं. 'काझुलोच्या याद्यांचं काम मी शनिवारी करते. तुमच्या इमारतीतल्या लोकांना एवढा त्रास झाला हे वाचून फार वाईट वाटलं. विशेषतः त्या आजींच्या गाडीचं. हा बदल मी तुमच्याच विनंतीवरून केला होता. तुम्ही फार सुंदर लिहिलं होतं, म्हणून मी त्याला तीन शनिवार दिले. पण बहुधा मला तुमचं म्हणणं नीट समजलं नसावं. चूक माझीच. मला माफ करा.'

खाली तिने विनयाची जुनी विनंती जशीच्या तशी जोडली होती. विनयाने ती वाचली. स्वतःचं लिहिलेलं वाचताना माणसाला एरवी बरं वाटतं. '...शक्य झाल्यास यादी आपोआप क्रमाने लागावी, कुणी सांगायची वाट न पाहता. सगळं आपापल्या जागी लागलेलं पाहिलं की मनाला शांतता मिळते.'

आपोआप. कुणी सांगायची वाट न पाहता. तिने मग ती चौदा ओळींची यादी उघडली आणि तिसरी ओळ वाचली. 'याद्या आता आपोआप क्रमाने लागतील. सूचना: विनया पी., भारत.' तिने ढवळून ओतलेले नंबर यादीने तिच्याच इच्छेप्रमाणे, तिच्याच नावाने, ओळीत लावून ठेवले होते.

लाज अनेक प्रकारची असते. सभेतली लाज कानांना लागते, ती तासाभरात उतरते. ही पोटात गेली आणि तिथे बसली. लोकांनी चोर म्हटलं तेव्हा ती निदान चोर नव्हती. आता तिने एका बाईचे तीन शनिवार घेतले होते, तिला सगळ्या जगासमोर बेजबाबदार म्हटलं होतं, एकतीस माणसं तिच्या दारात नेऊन उभी केली होती. आणि माफी मागत होती ती बाई.

संध्याकाळी चुरीकाका नाचतच आले. "माफीनामा आला! वाचलास? सॉरी लिहिलंय, दोनदा! सात दिवस दिले होते, तीन दिवसांत खुलासा. शिक्का पाहिला ना, की घाबरतात."

"काका, तुम्ही सगळं वाचलंत का?"

"सॉरीपर्यंत वाचलं. पुढे वाचायचं काय असतं?"

म्हणजे कुणालाच कळणार नव्हतं. इंग्रजीतला तो लांबलचक मजकूर सागरदीपमध्ये कुणी शेवटपर्यंत वाचणार नव्हतं, हे विनयाला रविवारपर्यंत रोज सकाळी उठल्याबरोबर आठवायचं. आणि आठवलं की आधी हायसं वाटायचं. त्या हायसं वाटण्याची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटायची. तिने विघ्नेशला सांगितलं.

"बोललीस तर पुन्हा सगळे तुझ्यावर येणार," तो म्हणाला.

"आणि नाही बोलले तर?"

"तर काय, तू आणि ती एलिसा. दोघींनाच माहीत."

हे त्याने समजूत घालायला म्हटलं होतं. पण दोघींपैकी एक पुरेशी होती.

रविवारी पुन्हा खुर्च्या मांडल्या. या खेपेला पडदा नव्हता. लिलीआंटींची केळ्यांची टोपली होती आणि तिच्यात अठ्ठेचाळीस चिठ्ठ्या. प्रत्येकाने चिठ्ठ्यांना हात लावून त्या गार नसल्याची खात्री करून घ्यायची आणि वहीत सही करायची, असं ठरलं होतं. त्यातच पाऊण तास गेला. मग चुरीकाकांनी माफीनामा वाचून दाखवला, त्यांना हवा होता तेवढा, आणि चष्मा सावरला.

"ठराव क्रमांक एक. सोडतीत हस्तक्षेप केल्याबद्दल परदेशी नागरिक श्रीमती एलिसा यांचा ही सभा तीव्र निषेध करीत आहे. सूचक, मी स्वतः. अनुमोदक..." त्यांनी मायेने पाहिलं. "अनुमोदक, सौ. विनया पाटकर. जिला भोगावं लागलं तिचीच सही हवी. ये, विनया."

वही पुढे आली. पेन पुढे आलं. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. गेल्या तीन वर्षांत एवढ्या मायेने या इमारतीने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पेनचं टोपण काढून ती उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ही माया आता शेवटची पाहून घ्यावी.

"काका, मी अनुमोदन देत नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की मागचे लोक "मोठ्याने!" असं ओरडले. मग ती मोठ्याने म्हणाली, आणि मोठ्याने म्हटलेलं पार्किंगमध्ये घुमतं. "तो बदल करायला मीच सांगितलं होतं! एलिसाची चूक नाही. मीच तिला लिहिलं होतं, यादी आपोआप लागावी म्हणून. माझ्या नावासकट ते त्या दिवशी सकाळी पडद्यावर आलं होतं. मी वाचलं नाही. आणि मग सगळ्यांसमोर तिच्यावर ढकललं."

कबूतरांचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता पसरली. कबूतरं होतीच.

"म्हंजे," लिलीआंटी म्हणाल्या, "त्या बाईनं तू सांगितलं तसंच्या तसं केलं?"

"हो."

"आनि आमी एकतीस जनांनी तिला शिव्या घातल्या?"

"हो."

"मी तर चाकाचा फोटो टाकला!"

"हो, आंटी. तुमच्या गाडीचं तिला फार वाईट वाटलं. आजी म्हणाली तुम्हाला."

"आजी?" आंटी थबकल्या. "ते माफ केलं. पन तू का नाय वाचलंस गो?"

"ज्ञानदाने नाकात मनुका घातला होता," विनया म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू आलं. अठ्ठेचाळीस कुटुंबांसमोर आपल्याकडे द्यायला एवढंच कारण आहे, म्हणून.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अमिषा बुटांकडे बघत होती. कुणीतरी "शिकलेली माणसं" एवढंच म्हणालं आणि पुढचं गिळलं. सगळ्यांत हवालदिल झाले ते चुरीकाका. त्यांनी वहीची पानं मागे-पुढे केली.

"पण पत्र गेलंय," ते म्हणाले. "जावक क्रमांक पडलाय. शिक्का मारलाय. आता हे परत कसं घ्यायचं?"

"दुसरं पत्र," लिलीआंटी म्हणाल्या. "मारा त्याच्यावर पन शिक्का. मी सूचक. आनि बाय, तू ये इकडे. अनुमोदन दे. रडून झाल्यावर दे, वही भिजेल."

निषेध मागे घेण्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला. मग चिठ्ठ्या निघू लागल्या आणि विनया आयुष्यात पहिल्यांदा नंबर लागू नये म्हणून देवाचा धावा करत बसली. पहिली चिठ्ठी ९०३. दुसरी ४०१. तिसरी १२०४. लिलीआंटींनी काठी वर केली. एकेक नंबर जात होता, विस्कटलेला, कशाचा कशाला मेळ नाही, आणि तिला ते किती सुंदर वाटत होतं! १०१ शेहेचाळिसावा निघाला. खाडीकडची भिंत, खारफुटीच्या अलीकडे. एवढी वाईट जागा मिळून एवढा मोठा सुस्कारा सागरदीपमध्ये कुणी सोडला नसेल. विघ्नेशने मात्र आपल्या स्कूटरचा विचार करून तो सोडला नाही.

तिने त्याच दुपारी एलिसाला लिहिलं. चार वेळा लिहून चार वेळा खोडलं, शेवटी तीनच ओळी राहिल्या. पहिल्या ओळीत चूक कुणाची ते होतं. दोन शनिवार गेले आणि काझुलोच्या बदलांच्या यादीत नवी ओळ आली: 'सांगितल्याशिवाय याद्या यापुढे क्रमाने लागणार नाहीत. सूचना: विनया पी. आणि सागरदीपमधली अठ्ठेचाळीस कुटुंबं, नायगाव, भारत.'

चुरीकाकांनी ती ओळ मोठ्या अक्षरांत छापून लिफ्टशेजारच्या काचेच्या फलकात लावली आहे, आवक क्रमांक टाकून. सोसायटीचं नाव जगात गेलं याचा त्यांना इतका आनंद झालाय की ते पाहुण्यांना मुद्दाम थांबवून वाचायला लावतात. मग पाहुणे विचारतात, "म्हणजे काय झालं होतं?" आणि काका पहिल्यापासून सांगतात. काही गाळत नाहीत. मनुकासुद्धा.

लोक आता तिच्याशी पूर्वीसारखेच बोलतात. जरा जास्तच गोड बोलतात. "विनया, त्या एलिसाला आपल्या लिफ्टचं पण सांग ना," असं अमिषा म्हणते. विनया हसते आणि तिचे कान तापतात. लिफ्टसमोर उभं राहिलं की फलकाकडे तोंड होतं, म्हणून ती हल्ली ज्ञानदाला घेऊन जिन्याने जाते. पहिलाच तर मजला.

परवा बालवाडीतून येताना बाईंनी सांगितलं, "हिच्याकडून अंकांची तयारी करून घ्या थोडी." विनयाने मान डोलावली. जिन्याशी आल्यावर ज्ञानदाने तिचं बोट धरलं आणि एकेक पायरी चढत मोजायला लागली. "एक... दोन... पाच... नऊ..."

खाली चुरीकाका कुणाला तरी फलक वाचून दाखवत होते. विनया क्षणभर थांबली. तोंडाशी आलेलं तीन तिने परत गिळलं.

"मग?" ती म्हणाली. "नऊनंतर?"

ज्ञानदाने जरा विचार केला. "चार."

"बरं," विनया म्हणाली, आणि दोघी चौथ्या पायरीवर चढल्या. चौथी नव्हती ती. पण मोजत कोण होतं?